तपकिरीचा डावा डोळा

जावईबापूंना घोड्यांचा वास सहन होत नसे, आणि ताईला जावईबापूंचा.

घोड्यांच्या वासाचं तिला काहीच वाटत नव्हतं. जन्मच त्यात गेला होता. घोड्याची लीद ही काही घाण नव्हे, असं तिचं ठाम मत होतं. गवत आत गेलं, गवत बाहेर आलं, एवढाच तो व्यवहार. शेळ्यांच्या लेंड्या तर झाडूने गोळा कराव्यात इतक्या शहाण्या. बदकं जरा बेशिस्त, डुकराबद्दल न बोललेलं बरं. पण डुक्कर तिने आणलंच नव्हतं. ते जावईबापूंनी आणलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढावेत म्हणून. दोन महिन्यांत ते एवढं वाढलं की फोटोत माणूस मावेना.

जावईबापू म्हणजे ताईचाच नवरा. पण लग्न झाल्या दिवशी तो सासऱ्याच्या घरी राहायला आला तो आलाच, आणि कामाच्या माणसांनी त्याला जावईबापू म्हणायला सुरुवात केली ती इतकी बेमालूम की पुढे ताईच्याही मनात तेच नाव बसलं. तोंडाने ती त्याला ‘अहो’ म्हणे. मनात जावईबापू. आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत मनातल्या मनात आणखी बरंच काही.

ताईचे वडील, अप्पा, या जागेला पागा म्हणत. ते गेले आणि महिन्याभरात फाटकावर पाटी लागली, तेव्हापासून पागेची रँच झाली. जनावरं तीच राहिली, डुक्कर तेवढं नवं. दोन तांबूस कुमैत घोड्या, एक म्हातारा पांढरा घोडा, काहीही सांगितलं तरी उलट बाजू मांडणारं ‘वकील’ नावाचं खेचर, त्या वकिलाचं एकट्याचंच ऐकणारं गाढव, नऊ शेळ्या, बदकांचं एक भांडखोर मंडळ आणि तपकीर.

तपकीर ही घोडी. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे अस्सल पंचकल्याणी. ती जन्मली तेव्हा अप्पांनी तिचा रंग पाहिला आणि त्याच क्षणी त्यांना सटासट तीन शिंका आल्या, म्हणून तपकीर. तिला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं.

डोळा बघायला मात्र लख्ख. पाणीदार, काळाभोर, कुठे डाग नाही की पडदा नाही. दीड वर्षापूर्वी जावईबापूंनी तिला गाडीच्या कठड्याला आखूड दोराने बांधलं, स्वतः गाडीत बसून फोनवर बोलता बोलता हॉर्न दाबला, आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहून उताणी पडली. डोकं फरशीवर आपटलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, त्यामागची शीर मेली आहे. जावईबापू म्हणाले, ‘नशीब, बाहेरून दिसत नाही.’

त्यानंतर आठ महिने ताईने त्या घोडीवर घालवले. आंधळ्या बाजूने अचानक काही अंगाशी आलं की तपकीर लाथ झाडायची, आणि घोड्याची लाथ काही समज देऊन येत नाही. म्हणून पागेवर एक रिवाज पडला. तिच्या डावीकडे जायचं तर आधी तोंडाने सांगायचं. बाईमाणसाने म्हणायचं, ‘आले गं.’ पुरुषाने म्हणायचं, ‘आलो गं.’ मग घोडी कान त्या बाजूला वळवायची, एक उसासा टाकायची आणि उभी राहायची. हळूहळू ती इतकी सरावली की नवख्या माणसाला पत्ताही लागू नये. चालताना मान किंचित डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने सगळं बघून घ्यायची. लोकांना वाटे, काय ऐट आहे! ताईला या कामाचा अभिमान होता. आयुष्यात एवढं एकच काम आपण नेटकं केलं, असं तिला वाटे.

त्या दिवशी सकाळी ती चाऱ्याच्या खोलीतून बाहेर आली तर जावईबापू तपकिरीला सुगंधी शांपूने न्हाऊ घालत होते. म्हणजे घालत होते मोतद्दारकाका. अप्पांच्या वेळेपासून घोड्यांचं सगळं करणारे तेच. जावईबापू चार हात लांब, नाकाला रुमाल लावून, उंटावरून शेळ्या हाकत होते.

“खुरांना ते काळं पॉलिश लावा. आणि शेपटीला तेल. अकराला पार्टी येते आहे.”

“कसली पार्टी?” ताईने विचारलं.

“अगं, दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. लहानपणापासून घोडा पाळायचं स्वप्न म्हणे. दवाखान्यामागे मोठं कुंपण घातलंय. एकट्याच असतात.”

“आणि तपकीर दाखवणार त्यांना?”

“मग काय वकील दाखवू?” ते स्वतःच्या विनोदावर हसले. हसताना त्यांना अंगठ्याला थुंकी लावून मिशी बसवायची सवय होती. ताईने नजर फिरवली.

“डोळ्याचं सांगणार ना?”

“विचारलं तर सांगू की. मी आजवर एक शब्द तरी खोटा बोललोय का कोणाशी?”

हे मात्र खरं होतं. जावईबापू कधीच खोटं बोलत नसत. लोकांनी जे विचारलं नाही ते सांगत नसत, एवढंच. न विचारलेलं सांगणं म्हणजे आगाऊपणा, असं त्यांचं तत्त्व होतं, आणि ते तत्त्व ते असं काही चघळून सांगत की ऐकणाऱ्याला आपलेच दात खराब झाल्यासारखं वाटे.

“अहो, ती बाई एकटी राहते. नवखी आहे. लाथ बसली तर कोण बघणार तिला?”

“तूच तर म्हणतेस, घोडी गरीब झालीय.”

“इथे झालीय. आम्ही आवाज देतो म्हणून.”

“मग झालं तर,” जावईबापू म्हणाले आणि फोन वाजला म्हणून निघून गेले. जाताना सुगंधाची एक लाट मागे ठेवून गेले. मोतद्दारकाका घोडीच्या शेपटीकडे बघत राहिले. त्यांनाही पगार तिथूनच मिळत होता.

डॉक्टरीणबाई अकराला पाच कमी असतानाच आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, नवेकोरे गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि हातात एक पुस्तक. त्यातून कागदाच्या पंधरा-वीस खुणा बाहेर डोकावत होत्या. फाटकातून आत येताच त्यांनी बदकांना नमस्कार केला. बदकांनी त्यांच्या बुटांवर हल्ला केला. तरी बाई खूश. अशी माणसं फसवायला मन कसं होतं, हे ताईला कधी कळलं नव्हतं. पण ज्याचं होतं तो समोरच उभा होता, हात चोळत.

“या, या! ही आमची तपकीर. घोडी कसली, लेकच आहे आमची.”

लेक! ताईला ऐकवेना.

डॉक्टरीणबाईंनी आधी घोडीचं तोंड उघडायला लावलं. चष्मा वर केला, वाकून आत बघितलं, एकेक दात बोटाने चाचपला. “वा! हिरड्या काय सुंदर आहेत. कीड नाही, झीज नाही. माझ्या पेशंटांना आणून दाखवायला हवं.” घोडीचे दात खरंच उत्तम होते. खायचे वेगळे आणि दाखवायचे वेगळे असे दात तिथे दुसऱ्याच कोणाच्या तोंडात होते, आणि ते बाईंना तपासायचं सुचलं नाही.

मग जावईबापूंनी घोडी फिरवून दाखवली. बाईंना अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि घोडी त्यांच्याभोवती अशी फिरवली की सदा उजवी बाजूच बाईंकडे राहावी. घोडी मान वळवून ऐटीत चालली. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

“मी जवळ जाऊ?” त्यांनी पुस्तकाची एक खूण उघडली. “यात लिहिलंय, घोड्याकडे नेहमी डावीकडून जायचं. डावीकडून चढायचं. धरून चालायचं तेही डावीकडूनच. मी अगदी पाठ केलंय.”

जगातल्या सगळ्या घोड्यांकडे डावीकडून जातात, हे ताईलाही ठाऊक होतं. ही बाई रोज सकाळी, एकटी, न बोलता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, त्या मेलेल्या बाजूने जाणार.

“अहो, जा की! चला, मीच येतो बरोबर,” जावईबापू म्हणाले, आणि दोन पावलं आधीच मोठ्याने, लाडाने त्यांनी हाक दिली, “आलो गं, आलो!” घोडीने कान वळवला, उसासा टाकला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या मानेवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताई बघत राहिली. तो शब्द तिने शिकवला होता. आठ महिने, ऊन नाही म्हटलं, थंडी नाही म्हटली. आणि तो माणूस त्यालाच तेल लावून स्वतःचं काम सरकवत होता. तिला किळस आली. नुसता राग असता तर गिळून टाकला असता. ही किळस होती, ती गिळता येईना.

नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे सोपं नव्हे. तिने ठरवलं, बोलायचंच नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आपण न बोलता डावीकडून जाऊ, घोडी बिचकेल, लाथ झाडेल, बाईंना दिसेल. लाथ बसली तर बसली. ती मोठा वळसा घालून मागे गेली, श्वास रोखला, आणि डाव्या बाजूने पुढे निघाली. एक पाऊल, दोन पावलं, तीन.

“आले गं,” ताईच म्हणाली.

जीभच ती! दीड वर्षाची सवय. तिने ओठ चावला, पण शब्द बाहेर पडून गेला होता. घोडीने मान वळवली आणि तिच्या खांद्यात नाक खुपसलं.

“अगंबाई, किती ते प्रेम!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हटलं नव्हतं?” जावईबापू म्हणाले आणि ताईकडे असं बघितलं, जणू हा खेळ दोघांनी आदल्या दिवशीच बसवला होता. शाबासकीची नजर. त्या नजरेने ताईला आपण अंगभर चिकट झाल्यासारखं वाटलं.

“तिला त्या डोळ्याने दिसत नाही,” ती म्हणाली. “डाव्या. पार आंधळा आहे तो. न सांगता त्या बाजूने गेलात तर ती तुम्हाला मारून टाकेल.”

मग डॉक्टरीणबाईंनी पुढे येऊन ताईचा हात हातात घेतला आणि थोपटला.

“मला सांगितलंय यांनी फोनवर. तुमचा जीव आहे तिच्यावर. तुम्ही काही ना काही खोट काढाल, म्हणाले. घोडी जाऊ नये म्हणूनच ना? मी समजू शकते हो. मी असते तर मीही हेच केलं असतं.”

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून, बायकोच्या हळव्या मनाने भारावल्यासारखा उभा होता. घोडं कुठे पेंड खाणार हे त्याने कालच ओळखून ठेवलं होतं आणि आधीच वाट बंद केली होती. खोटं तरी कुठे बोलला होता? ‘माझी बायको म्हणेल, खोट आहे.’ म्हणालीच की ती.

ताईने डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. तपकिरीच्या तोंडावरच्या म्होरकीत तो खोचला आणि तिचा उजवा डोळा, दिसणारा, घट्ट झाकला.

“अगं, हे काय खूळ?” जावईबापू म्हणाले.

“डावा डोळा चांगला असेल तर तेवढ्यावर चालेल ती,” ताई म्हणाली. “एका डोळ्याने काय, कोणीही चालतं. हो ना डॉक्टरीणबाई?”

“हो, म्हणजे… चालायला हवं.”

आता थांबवावं तर का थांबवता, असा प्रश्न येणार. जावईबापू गप्प बसले.

ताई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मध्ये, जराशी डावीकडे, लीद वाहायची लोखंडी ढकलगाडी उभी होती. चांगली कमरेएवढी, दिसणाऱ्या जनावराने वळसा घातला असता आणि विसरून गेलं असतं. ताईने खुराकाचा डबा उचलला आणि हलवला. आत दाणे खुळखुळले.

तपकीर थरथरत होती. तिला काहीच दिसत नव्हतं. पण डबा ताईच्या हातचा होता, ती खुळखुळ तिच्या ओळखीची होती, आणि ताईने बोलावल्यावर आजवर काही वाईट झालं नव्हतं. तिने एक पाय पुढे टाकला. मग दुसरा. मग विश्वासाने चालायला लागली, जरा वेगानेच.

मघाशी न विचारता बोललेली ती जीभ ताईने दातांखाली धरली. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. घोडी थांबली असती. ताईने डबा हलवला.

तपकीर सरळ ढकलगाडीवर आदळली. लोखंड वाजलं, गाडी कलंडली, घोडी गुडघ्यांवर पडली, आणि तिच्या तोंडून असा आवाज आला की म्हातारा पांढरा घोडा पागेच्या आतून किंचाळला. उठली तेव्हा एका गुडघ्याची सालपटं निघाली होती आणि पांढरा पाय लाल होत होता.

“अरे देवा!” डॉक्टरीणबाई धावल्या. आणि धावल्या त्या, पाठ केल्याप्रमाणे, डावीकडून. मुकाट.

ताईने डबा टाकला, धावत झेप घेतली आणि त्यांच्या नव्याकोऱ्या जाकिटाची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं. दोघी लिदीत बसल्या. जिथे बाईंचं डोकं होतं तिथून खूर गेला आणि ढकलगाडीचा पत्रा आत घुसला.

मोतद्दारकाका पळत आले, “आलो गं, आलो गं,” म्हणत घोडीच्या तोंडावरचा रुमाल काढला आणि तिला कुंपणात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई उठल्या. लीद झटकली नाही. पुस्तक उचललं नाही. जावईबापूंकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. माणूस नव्हे, भिंत असावी तसं. त्या ताईकडे बघत होत्या.

“हे लपवायला तिला कोणी शिकवलं?”

“लपवायला नव्हे हो… पण मीच शिकवलं.”

“आणि याआधी? असं याआधी किती वेळा झालं?”

जावईबापू खाकरले. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही.

“एक दमेकरी घोडा होता,” ती म्हणाली. “एका निवृत्त पोस्टमनना विकला. त्या दिवशी त्याला इंजेक्शन दिलं होतं, धाप लागू नये म्हणून. एक तट्टू होतं, चावरं. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं की हातातलं गाजर निमूट खायचं. ते लहान मुलं असलेल्या घरी गेलं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

ताईला आठवायला वेळ लागला नाही.

“चहा,” ती म्हणाली. “चहा केला सगळ्यांसाठी.”

डॉक्टरीणबाईंनी तीस वर्षं लोकांच्या किडक्या तोंडांत डोकं घातलं होतं. पू, रक्त, दुर्गंधी, सगळं नाकासमोर. तेव्हा कधी त्यांचा चेहरा असा झाला नसेल.

“शी!” त्या म्हणाल्या. एवढंच. आणि बदकांमधून वाट काढत निघून गेल्या.

ताई लिदीतच उभी राहिली. ती ‘शी’ जावईबापूंना लागली नव्हती. अशा गोष्टी त्यांच्या अंगावरून शांपूसारख्या वाहून जात.

“झालं समाधान?” गाडीचा आवाज लांब गेल्यावर ते म्हणाले. “नाक कापलंस माझं. आता ही घोडी खाटकाशिवाय कोण घेणार? चल, जेवायला वाढ. डोकं दुखायला लागलंय माझं.”

“ती कुठेही जाणार नाही,” ताई म्हणाली. “तुम्ही जा.”

“म्हणजे?”

“म्हणजे जा. हे घर माझ्या बापाचं आहे. त्यांनी तुमच्या हाती चाव्या दिल्या होत्या, घर नव्हतं दिलं. संध्याकाळपर्यंत कपडे भरा.”

ते हसले. अंगठा तोंडाकडे नेला, मिशीकडे वळवला. “रागात आहेस. सकाळी बोलू.”

“ती मिशी,” ताई म्हणाली, “मला तिची अकरा वर्षं किळस येते. तुमच्या हसण्याची येते. तुमच्या वासाची येते. आणि तुम्ही गप्प बसता तेव्हा मीही बसत होते, त्याची सगळ्यात जास्त येते. सकाळी काही बोलायचं नाहीये मला. आज जा.”

जावईबापूंनी मिशीवरचा अंगठा काढला. ते आत गेले. थोड्या वेळाने कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला, मग दुसऱ्याचा.

ताईने बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात औषध टाकलं, स्वच्छ फडकं घेतलं आणि कुंपणाकडे निघाली. मोतद्दारकाका तपकिरीच्या पायाशी उकिडवे बसले होते. ताई दहा पावलांवर आली आणि घोडीचं डोकं वर गेलं. ती मागे सरकली, आंधळी बाजू भिंतीला लावली आणि चांगला डोळा ताईवर रोखून धरला. ताई थांबली. पुन्हा एक पाऊल टाकलं. घोडीच्या अंगावरची कातडी खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत थरारली, आणि जखमेतून पुन्हा रक्त आलं.

“ताई,” मोतद्दारकाका वर न बघता म्हणाले, “बादली तिथेच ठेवा आणि जरा लांब जा. तुम्ही आहात तोवर ती मला पाय धरू देणार नाही.”

ताईने बादली ठेवली आणि ती लांब गेली.